वासणा रोड की भायली? आधी नदीचा काठ बघा

तुम्ही लिहिलंत ते आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं असेल तर सांगा. पुण्यात अकरा वर्षं काढून तुम्ही बडोद्याला परत येताय. तुमची नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, मिसेसना अकोट्यातल्या एका शाळेत जागा मिळाली आहे, मुलगी चौथीत. आई दांडिया बाजारातल्या वाड्यात एकट्या, वय ७४, आणि ‘मी इथनं हलणार नाही’ असं त्यांनी तुम्हाला स्वच्छ सांगितलंय. कर्ज धरून बजेट ६८-७० लाख. दोन घरं पसंत पडली आहेत. वासणा रोडला तिसऱ्या मजल्यावर १९ वर्षं जुना टू बीएचके, मागणी ५८ लाख. आणि भायलीत सातव्या मजल्यावर थ्री बीएचके, ६२ लाख, ताबा १४ महिन्यांनी. प्रश्न एका ओळीचा: शहरात घ्यावं की भायलीत, आणि पुढच्या दहा वर्षांत कुठे भाव जास्त वाढेल?

मी कलाभवनातून (बडोद्याच्या विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज) सिव्हिल इंजिनिअर झाले आणि २००२ पासून बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करते. कर्जाचा अर्ज केल्यावर टेप घेऊन जी बाई येते, भिंतींवर टिचक्या मारते आणि चहा नको म्हणते, ती मी. कुठलंही घर विकलं गेलं काय नि न गेलं काय, मला त्यातून काही मिळत नाही. एवढी ओळख पुरे.

एक गोष्ट आधीच कबूल करते. आईंची तब्येत कशी आहे, मिसेस स्वतः गाडी चालवतात का, आणि मकरपुऱ्याची नोकरी किती पक्की आहे, हे तिन्ही तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे. मी काय धरून चालले आहे ते बोलता बोलता येईलच.

आता मुद्द्याचं. तुम्ही वासणा आणि भायली यांना ‘शहर’ आणि ‘बाहेर’ असं समोरासमोर उभं केलंत. कागदावर पाहिलं तर भायलीही आता शहरच आहे. २०२० मध्ये महापालिकेची हद्द वाढली तेव्हा भायली, सेवासी, बिल, वेमाली, ऊंडेरा, करोडिया आणि वडदला ही सात गावं आत आली. वेराबिल (घरपट्टीचं बिल) दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून येईल. तुमच्या दोन घरांमधलं अंतरही जेमतेम चार किलोमीटर. खरी फट वेगळीच आहे, आणि ती तुमच्या प्रश्नात कुठेच आलेली नाही: ही दोन्ही घरं विश्वामित्रीच्या पश्चिम काठाला आहेत, आणि तुमची आई व तुमची नोकरी पूर्व काठाला.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला नदीची आठवण करून द्यावी लागते, कारण वर्षातले दहा महिने ती दिसतच नाही. झाडीत लपलेला एक नाला, त्यात मगरी, पुलावरून जाताना नाकाला रुमाल. पण शहराचे दोन भाग तिनेच पाडलेत. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, मांजलपूर, मकरपुरा एका अंगाला. अलकापुरी, अकोटा, वासणा, गोत्री, भायली दुसऱ्या अंगाला. मधे मोजके पूल: काळा घोडा, दांडिया बाजार-अकोटा (तोच, वर सोलरची पत्र्यासारखी छपरं असलेला), लालबाग-मुजमहुडा, खाली वडसर, वर फतेगंज आणि समा. तुमचं रोजचं जगणं या पुलांवरून जाणार आहे.

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही पुण्यात होतात, पण आईंशी फोनवर बोलणं झालं असेलच, निदान जोवर फोन लागत होते तोवर. काळा घोड्याला नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. पूल बंद झाले, वीज गेली, तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या, सोसायट्यांच्या आवारात मगरी निघाल्या. बाहेरच्यांना कळत नाही ते हे, की पाऊस थांबल्यावरही पाणी चढतच होतं. पावागढ-हालोलच्या बाजूचं पाणी आजवा आणि प्रतापपुरा तलावांत उतरतं, तिथून नदीत येतं, आणि पुढे ढाढर नदीच तुडुंब असेल तर विश्वामित्रीला रिकामं व्हायला जागा उरत नाही. मग शहरात ऊन पडलेलं असतं आणि अकोट्यात होड्या फिरत असतात. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदी खोल आणि रुंद करायचं मोठं काम झालं. त्याने फरक पडेलही. मी मात्र २००५, २०१४, २०१९ आणि २०२४ चार वेळा बघितलंय, त्यामुळे काम झालं म्हणून मी माझ्या अहवालातली पुराची ओळ खोडत नाही.

तुम्ही म्हणाल, पाचसहा वर्षांतून तीन दिवस पूर येतो म्हणून कोणी घर ठरवतं का? नाही ठरवत. पण ते तीन दिवस ७४ वर्षांची एकटी बाई पलीकडच्या काठाला असेल तर ते तीन दिवस नेहमीचे नसतात. आणि पूर सोडून द्या, रोजचं बघा. तुम्ही आठवड्यातून चार वेळा तरी आईंकडे जाल, असं मी धरते. वासण्याहून अकोटा, पूल, दांडिया बाजार हा सरळ रस्ता आहे, आणि मिसेसची शाळा त्याच वाटेवर पडते. भायलीहून निघालात तर आधी वासणा रोड पूर्ण कापायचा, मग हाच रस्ता. म्हणजे भायलीकर माणूस वासणेकराच्या सगळ्या ट्रॅफिकमधून जातोच, वर आपली चार किलोमीटर वेगळी. संध्याकाळी साडेसहाला त्या चार किलोमीटरला मी पंधरा मिनिटं धरते. जाऊन-येऊन अर्धा तास, आठवड्यात चारदा. मिसेसची शाळा, मुलीचे क्लास यांचे तास यात धरलेच नाहीत. मकरपुऱ्यासाठी मात्र भायलीचं इतकं वाईट नाही: बिल, कलाली, वडसर असं खालून जाता येतं, फक्त वडसरचा भाग पावसात पहिल्यांदा बुडणाऱ्यांतला आहे.

आता घरांकडे येते. थ्री बीएचके म्हटल्यावर एक खोली जास्त मिळतेय असं वाटतं. तुम्ही भायलीचा फ्लॅट १५६० फूट लिहिलाय आणि वासण्याचा ११८०. हे दोन्ही सुपर बिल्टअप आहेत, आणि दोन वेगळ्या काळांतले. जिने, लिफ्टा, क्लब हाऊस, जिम, ती शोभेची लॉबी, सगळं वाटून तुमच्या फुटांत घातलेलं असतं. नव्या उंच इमारतींत मला कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) बहुतेक ५५ ते ६० टक्के सापडतं. म्हणजे १५६० चे साडेआठशे ते सव्वानऊशे. त्या वेळच्या तीन-चार मजली इमारतींत ७२-७५ टक्केसुद्धा असतं, म्हणजे ११८० चे साडेआठशे ते पावणेनऊशे. तेव्हा हिशेब असा होतो की जवळजवळ तेवढ्याच जागेत भायलीवाल्याने तीन खोल्या बसवल्यात आणि वासणेवाल्याने दोन. तिसरी खोली हवी असेल तर जरूर घ्या, पण घर मोठं मिळतंय या समजुतीवर घेऊ नका. नक्की आकडा अंदाजाने धरायचंही कारण नाही: गुजरात रेराच्या साइटवर प्रकल्पाचं नाव टाकलं की प्रत्येक फ्लॅटचं कार्पेट दिसतं. जुन्या घरात मीच काय, तुम्हीही टेप लावू शकता.

पैशांचं एकदा नीट मांडू, कारण ५८ आणि ६२ मधला फरक चार लाखांचा नाही. गुजरातेत स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के आणि रजिस्ट्रेशन १ टक्का. दस्तावेज (खरेदीखत) फक्त बाईच्या नावावर असेल तर तो १ टक्का माफ. दोघांची नावं घातलीत की माफी गेली. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी. (४५ लाखांच्या आतल्या, लहान घरांना १ टक्का, तुम्ही त्यात बसत नाही.) बीयू परमिशन (इमारत वापरायची महापालिकेची परवानगी) मिळाल्यानंतर विकलेल्या किंवा जुन्या घरावर जीएसटी नाही. तर भायली: ६२ लाख, जीएसटी ३ लाख १० हजार, स्टॅम्प सुमारे ३ लाख ४ हजार, रजिस्ट्रेशन ६२ हजार. पावणेएकोणसत्तर लाख इथेच झाले. पुढे मेंटेनन्स डिपॉझिट, वीज कनेक्शनचे पैसे, पंखे-दिवे-कपाटं, आणि सगळे विसरतात ते म्हणजे १४ महिन्यांचं भाडं. वासणा: ५८ लाख, स्टॅम्प २ लाख ८४ हजार, रजिस्ट्रेशन मिसेसच्या एकटीच्या नावावर केलंत तर शून्य. साडेएकसष्टच्या आत. त्यावर नळ, वायरिंग, बाथरूम, रंग असं सहा-सात लाख मी डोळे मिटून धरते. तरी दोन्ही घरं एकाच पातळीला येतात, भाडं वगळून. कोणाच्या एकाच्या नावावर घेतल्याने इन्कम टॅक्सचं काय होतं ते तुमच्या सीएला विचारा, तो माझा प्रांत नाही. आणि किंमत ५० लाखांच्या वर असल्यामुळे १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा आहे. जुन्या घरात हे हटकून राहून जातं आणि नंतर नोटीस येते.

बँकेकडून ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, पण स्टॅम्प आणि रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून. आणि ‘थोडे रोख द्या, दस्तावेज कमी दाखवू’ असं कोणी म्हणालं तर आकडा कितीही गोड असो, नको. कर्ज दस्तावेजाच्या आकड्यावर बसतं, तुमच्या व्यवहारावर नाही. २०२३ च्या एप्रिलात जंत्री (सरकारने ठरवलेला जमिनीचा दर) दुप्पट झाल्यापासून तसं करायला जागाही कमी उरली आहे.

आता जमिनीची उंची. हा भाग लांबेल, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे, कारण फरशी बदलता येते, खिडक्या बदलता येतात, शेजारीसुद्धा बदलतात, प्लॉट वर उचलता येत नाही.

हे मी पुस्तकात शिकले नाही. २००४ मध्ये आम्ही समा भागात तळमजल्याचं टेनामेंट (बैठं घर) घेतलं. मी इंजिनिअर, नवरा इंजिनिअर, कागद सगळे स्वच्छ. बिल्डर म्हणाला, ‘बेन, अहीं पाणी आवतुंज नथी’, इथे पाणी येतच नाही. खोटं बोलत नव्हता बिचारा, तो उन्हाळ्यातच यायचा. २००५ मध्ये घरात मांडीएवढं पाणी. सासूबाईंची लाकडी पेटी तरंगत स्वयंपाकघरात आली. पुढे चार वर्षं ते घर विकायला लागली, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला भिंतीवरची रेघ दिसायची. दोनदा रंग लावला तरी ओल ती रेघ परत वर आणायची.

तेव्हापासून मी घरात शिरायच्या आधी घराबाहेर फिरते. आवाराच्या भिंतीवर, विजेच्या डीपीच्या चौथऱ्यावर मातकट पट्टा आहे का. पार्किंगमधले मीटर छातीच्या वर नेऊन बसवलेत का. २०१९ नंतर ज्या सोसायट्यांनी मीटर वर चढवले, त्यांनी पाणी पाहिलेलं असतं, चेअरमन काहीही म्हणोत. लिफ्टच्या खड्ड्यात डोकावते. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि दूधवाला यांना विचारते, ‘३१ जुलैला इथे किती होतं?’ सालही सांगावं लागत नाही. २०१९ च्या त्या एका दिवसात १८-२० इंच पाऊस झाला होता, लोकांना तारीख पाठ आहे. सोसायटीतल्या माणसाला विचारू नका. त्याला स्वतःचं घर कधीतरी विकायचं असतं.

वासणा रोडसारख्या जुन्या भागात आणखी एक गोष्ट होते. दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, शेजारची नवी इमारत आपली जोती तीन फूट उंच घेते, आणि एके काळी रस्त्याच्या वर असलेली सोसायटी हळूहळू खड्ड्यात जाते. फाटकातून आत जाताना गाडी उतारावर जाते की चढावर, एवढं बघा. वासण्याचा अकोटा-मुजमहुड्याकडचा तुकडा आणि भायलीकडचा तुकडा यांत फार फरक आहे. तुमची इमारत कुठल्या तुकड्यात येते ते मला माहीत नाही. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर असाल, घरात पाणी येणार नाही, पण गाडी, पाण्याची मोटर आणि लिफ्ट खालीच असतात.

भायलीला नदीचा त्रास कमी. तिथला प्रश्न पावसाच्या पाण्याचा. काल-परवापर्यंत ती शेतं होती, आणि शेतांतून पाणी वाहून जायच्या वाटा होत्या. शहरात अशा वाटांना आपण कांस म्हणतो: भूखी, मसिया, रूपारेल. मोठ्या कांसांना निदान नाव आहे, नकाशात जागा आहे. शेतातली वाट बुजवून तिथे बंगल्यांची स्कीम उभी राहिली की पाणी थांबतं आणि रस्त्यावर येतं. म्हणून भायलीत साइट ऑफिसच्या एसीत बसून मॉडेल बघण्यापेक्षा जोरदार पावसानंतर चार तासांनी तिथे जा. सेल्सवाली मुलगी आली नसेल तर का आली नाही तेही कळेल.

भायलीच्या कागदांबद्दल. सगळा पश्चिम भाग टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीमांनी उभा राहतोय. टीपीमध्ये मूळ शेताचा काही भाग रस्ते, बागा, शाळांसाठी कापून घेतात आणि मालकाला नव्या आकाराचा फायनल प्लॉट देतात. स्कीम आधी ड्राफ्ट, मग प्रिलिमिनरी, मग फायनल अशी मंजूर होत जाते, आणि यात वर्षं जातात. बिल्डरकडून एफ फॉर्म आणि पार्ट प्लॅन मागा. त्यात मूळ सर्वे नंबर, फायनल प्लॉट नंबर आणि क्षेत्रफळ असतं. ब्रोशरमधला ‘२४ मीटर रोड टच’ रस्ता आज जमिनीवर आहे की नकाशात, हे स्वतः उभं राहून बघा. मी असे २४ मीटरचे रस्ते पाहिलेत ज्यांच्या मधोमध अजून एरंड उभा आहे. रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आणि एनए (शेतजमीन बिनशेती झाल्याचा कागद) तर बघायचंच. बाकी रेरा तुमच्या बाजूचा आहे: बानाखत (विक्रीचा करार) रजिस्टर झाल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि बांधकामातला मोठा दोष ताब्यापासून पाच वर्षांत निघाला तर बिल्डरने दुरुस्त करून द्यायचा. ताबा बीयू मिळाल्यावरच घ्या. ‘फर्निचरचं काम सुरू करा, बीयू येतंच आहे’ या वाक्यावर चाव्या घेतलेले लोक मला दर महिन्याला भेटतात.

पाणी विचारायचं राहिलंच. नव्या भागात महापालिकेचं पाणी प्रत्येक इमारतीला पोचलेलं असेलच असं नाही. कुठे बोअर, कुठे टँकर. तुमच्या बिल्डरची आधीची, राहती स्कीम जवळपास असेल तर तिथल्या चेअरमनकडे मे महिन्याचं टँकरचं बिल बघायला मागा. दाखवत नसतील तर तेही उत्तरच.

वासण्याच्या जुन्या घराचं काय तपासायचं? १९ वर्षं म्हणजे ती इमारत २००१ च्या भूकंपानंतरची, ही जमेची बाजू. त्याआधी खाली पूर्ण मोकळं पार्किंग ठेवून वर मजले चढवायची पद्धत बिनधास्त चालायची. नंतर बँका, सोसायट्या, इंजिनिअर सगळेच जरा सावध झाले. बडोदे भूकंपाच्या झोन ३ मध्ये येतं. तरी पार्किंगमधले खांब बघा: कोपऱ्यातून काँक्रीट फुटून गंजलेली सळई दिसतेय का, कोणी प्लास्टर करून झाकलंय का. गच्चीवर जा. वरच्या मजल्याचा माणूस घरात असेल तर त्याच्या छताची विचारपूस करा, तुमच्या नव्हे. आरसीसी इमारतीचं आयुष्य आम्ही साधारण ६० वर्षं धरतो, त्यामुळे कर्जाला अडचण येऊ नये. आणि शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, मूळ बीयू, आधीच्या सगळ्या दस्तावेजांची साखळी वकिलाकडून तपासून घ्या. शहराच्या काही भागांना अशांत धारा लागू आहे, म्हणजे १९९१ च्या कायद्याखाली विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते. यादी वेळोवेळी बदलते. तुमच्या पत्त्याला लागू आहे का ते सब-रजिस्ट्रारकडे विचारा. लागू असेल तर बानाखतातली मुदत दोन महिन्यांऐवजी पाच-सहा महिन्यांची घाला. पुढे कधी आईंचा वाडा विकायचं निघालं तर हेच तिथेही विचारावं लागेल.

राहिला भाव. दहा वर्षांनी कुठे किती, हे कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे विकायला काहीतरी आहे. पण विचार करायची एक रीत सांगते. इमारत दरवर्षी थोडी मरते, भाव वाढतो तो जमिनीचा. तीन-चार मजली जुन्या सोसायटीत एका घरामागे जमिनीचा जो हिस्सा येतो तो मोठा असतो. दीडशे फ्लॅटच्या उंच इमारतीत तो टेबलाएवढा होतो. दुसरं, भायलीच्या पुढे पादऱ्यापर्यंत शेतंच आहेत. तुम्ही दहा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा तुमच्या दहा वर्षं जुन्या फ्लॅटशेजारी कोणीतरी नवाकोरा, स्विमिंग पूलवाला विकत असेल. वासण्यात ते होत नाही, तिथे नवी जागाच नाही. उलट २०१८ पासून गुजरातेत २५ वर्षांहून जुन्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ७५ टक्के सभासदांच्या संमतीने होऊ शकतं. तुमची इमारत सहा वर्षांत त्या रांगेत येईल. होईलच असं नाही. सभासदांचं जमत नाही म्हणून रखडलेल्या इमारती मी होऊन गेलेल्यांपेक्षा जास्त पाहिल्यात. भायलीची बाजूही खरी आहे: रुंद रस्ते, नव्या शाळा, २०२२ च्या शेवटी खुला झालेला गेंडा सर्कल ते मनीषा चोकडीचा लांब उड्डाणपूल, यांमुळे पश्चिमेकडे जाणं सोपं झालं आणि माणसं तिकडे जातच राहणार. गुंतवणूक म्हणून कोणी विचारलं असतं तर मी इतकी भायलीच्या विरोधात बोलले नसते. पण तुम्ही राहायला घर घेताय आणि त्याच घराला गुंतवणुकीचंही काम सांगताय. एकाच बैलाला नांगर आणि टांगा दोन्ही.

एक तिसरी जागा तुम्ही यादीतच धरली नाहीत, बहुधा नातेवाइकांनी ‘पश्चिमेलाच घ्या’ म्हटल्यामुळे. मांजलपूर. मकरपुऱ्याला लागून, दांडिया बाजाराला जायला नदी ओलांडावी लागत नाही, मराठी वस्ती भरपूर, गणपतीत घरी गेल्यासारखं वाटतं. नदीकडचा भाग टाळून बघावं लागेल, आणि मिसेसना शाळेला जाताना रोज पूल ओलांडावा लागेल. म्हणजे घरातल्या एकाला पूल येणारच. मग तो कोणाला यावा, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं. मी असते तर ज्याला अडकलं तर सुट्टी मिळते त्याला पूल दिला असता, आणि शाळांना पुरात सुट्टी असते.

तर मी काय करेन. या दोनच घरांत निवडायचं असेल तर वासणा, पण इमारत चढावर असेल, मीटर खालीच असतील आणि पार्किंगचे खांब धड असतील तर. यातलं एकही बिनसलं तर घाईने भायलीकडे वळू नका. वासण्यात दुसरी इमारत बघा, आणि दोन रविवार मांजलपूरला द्या. मकरपुऱ्याची नोकरी दोन वर्षांत बदलेल असं वाटत असेल तर अजून काहीच घेऊ नका. अकोट्यात भाड्याने राहा आणि एक पूर्ण पावसाळा बघा. आई तुमच्याकडे यायला तयार झाल्या तर तिसऱ्या खोलीला किंमत येते, पण तेव्हाही सातव्या मजल्याचा विचार करा. माझ्या सासूबाई रावपुऱ्याहून गोत्रीला आल्या, लिफ्ट होती, हवा होती, गॅलरी होती. दोन वर्षं त्या गॅलरीत बसून खालच्या स्कूटर मोजायच्या, आणि दर गुरुवारी रिक्षा करून रावपुऱ्याला जायच्या, भाजी आणायला. गोत्रीला भाजी मिळत नव्हती असं नाही.

बानाखत करायच्या आधी एक काम करा. एखाद्या मंगळवारी साडेपाचला मकरपुऱ्याहून निघा, दांडिया बाजारात आईंकडे चहा घ्या आणि तिथून वासण्याला जा. बुधवारी तेच, पण भायलीला. दोन्ही दिवसांच्या वेळा कागदावर लिहा, मिसेसना गाडीत बरोबर घ्या. आणि वाड्याचा जिना मोजा. आई वरच्या मजल्यावर राहतात की खाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या वाड्यांचे जिने मला माहीत आहेत: उभे, काळोखे, दोरीला धरून चढायचे. त्या वर राहत असतील तर हे सगळं पाच वर्षांच्या आतच बदलेल, आणि मग मला हे उत्तर मांजलपूरच्या तळमजल्यापासून परत लिहावं लागेल.